माग, बोली आणि हजेरी : सोलापूरकडील माणूस ओळखण्याच्या विद्येचा इतिहास

माणसाच्या चालीवरून, पेहरावावरून आणि बोलण्याच्या ढबीवरून तो कोण, कुठला आणि कशासाठी आला हे ताडणे, हे दख्खनच्या गावगाड्यात नेमून दिलेले काम होते. वेशीवर वेसकर असे. रात्रीची गस्त आणि चोराचा शोध रामोशी किंवा जागल्याकडे असे. सोलापूरच्या दक्षिणेला, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावांत हेच काम बेरड करीत. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने नव्या मुलखाविषयी जो अहवाल दिला, तो १८२१ मध्ये छापला गेला. त्यात या राखणदाराची कर्तव्ये नोंदवली आहेत. गावात कोण आले, कोण गेले याच्यावर त्याने लक्ष ठेवायचे, परक्यावर नजर ठेवायची, संशय आला तर पाटलाला सांगायचे. गावातल्या प्रत्येकाचा स्वभावही त्याला ठाऊक असला पाहिजे, अशी अपेक्षा होती. चोरी झाली तर पावलांचा माग काढत त्याने शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचे. माग त्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर पडे.

माग काढणे हे शरीराची भाषा वाचण्याचेच एक रूप आहे, फक्त शरीर तिथून निघून गेलेले असते. ओझे घेऊन चालणाऱ्याची टाच खोल रुतते. धावणाऱ्याचा चवडा माती मागे ढकलतो. लंगडणाऱ्याची दोन पावले सारखी उमटत नाहीत. मुरमाड जमिनीवर जिथे पाऊल उमटत नाही, तिथे सरकलेला खडा आणि दबलेले गवत पाहावे लागते. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर हे काम सोपे, उन्हाळ्यात वारा सुटला की अवघड. हे शिक्षण बापाकडून मुलाला मिळे. त्याला एक मोठी मर्यादाही होती : राखणदाराला आपल्या पंचक्रोशीतलीच पावले आणि माणसे ओळखू येत.

या मर्यादेतच त्या पद्धतीचा प्रामाणिकपणा होता. जागल्याचा संशय एखाद्या विशिष्ट माणसावर असे. तो चुकला तर त्याला त्याच गावात, त्याच माणसासमोर राहायचे असे. चोर सापडला नाही तर नुकसानभरपाईचा बोजा राखणदारावर किंवा गावावर येई. म्हणजे ओळखणारा आपल्या ओळखण्याला जबाबदार होता. पुढच्या शंभर वर्षांत विद्या तीच राहिली, पण ही जबाबदारी तिच्यातून निघून गेली.

१८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांच्या हाती आले. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली, जिला शहर अजून जुनी मिल म्हणते. गाडीने येणारा माणूस वेशीतून येत नाही. तो स्टेशनवर उतरतो, बाजारपेठेत मिसळतो आणि रात्रीच्या गाडीने निघूनही जातो. पूर्वेला निजामाची हद्द जवळच होती, पश्चिमेला पंढरपूरच्या वाऱ्या होत्या आणि संक्रांतीला शहरातच सिद्धेश्वराची यात्रा भरे. एवढ्या वर्दळीत जागल्याची नजर अपुरी पडू लागली. प्रत्येकाला ओळखणे अशक्य झाले, तेव्हा सरकारने माणसांऐवजी जाती ओळखायचे ठरवले.

त्याची पूर्वतयारी उत्तर हिंदुस्थानात झाली होती. ठगांच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या विल्यम स्लीमनने १८३६ मध्ये ठगांच्या सांकेतिक बोलीचा शब्दसंग्रह छापला. गुप्त बोली कळली की टोळी कळते, हा विचार त्यातून सरकारी कामकाजात रुजला. पुढे १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला सोलापूर जिल्ह्याचा विसावा खंड निघाला. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखालच्या या खंडात जिल्ह्यातल्या जातींची बांधणी, रंग, पोशाख, दागिने, घरात बोलली जाणारी भाषा आणि शेवटी स्वभाव असा क्रमवार तपशील आहे. आजही तो वाचनीय आणि उपयुक्त आहे, कारण पोशाखाचे आणि खाण्यापिण्याचे बारकावे इतक्या निगुतीने क्वचितच कुणी टिपले असतील. पण त्याच ओळींत, त्याच सुरात, अमुक जात कष्टाळू आणि तमुक जात अप्रामाणिक अशीही विधाने येतात. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आणि ऐकीव मत यांच्यातली रेघ तिथे पुसली गेली.

ती पुरती नाहीशी झाली ती १९०८ मध्ये. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्याचे प्रमुख एम. केनेडी यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पोलिसांसाठी एक जाडजूड पुस्तक तयार केले. त्याची मांडणी पाहिली की सगळी पद्धत उलगडते. प्रत्येक जातीसाठी ठरावीक मथळे आहेत : पोटभेद, वावरण्याचा मुलूख, लोकसंख्या, चेहरामोहरा आणि पोशाख, बोली आणि उच्चारांची लकब, उघड दिसणारा पोटापाण्याचा धंदा, घेतले जाणारे वेष आणि ते ओळखण्याच्या खुणा, गुन्ह्याची रीत, हत्यारे, चोरीचा माल लपवण्याची व खपवण्याची पद्धत. फौजदाराने समोरच्या माणसाला पाहावे, त्याचे बोलणे ऐकावे आणि योग्य पान उघडावे, अशी ही योजना होती. भामटा, कैकाडी, पारधी, वडार, मांग गारुडी, छप्परबंद यांच्याबरोबर त्यात रामोशी आणि बेरडही होते. ज्यांच्या नजरेवर गावांची राखण चालली होती, त्यांचेच वर्णन आता ओळखून ठेवण्यासाठी छापले गेले.

पुस्तकातल्या निरीक्षणांत तथ्य काहीच नव्हते असे म्हणता येणार नाही. विजापूरकडचे काही छप्परबंद फकिराच्या वेषात हिंडत आणि खोटी नाणी चालवत, रेल्वेच्या डब्यांत उचलेगिरी होत असे, या गोष्टी खटल्यांतून पुढे आलेल्या होत्या. दोष होता तो तर्कात. एखादा माणूस कैकाड्यासारखा दिसला तर संशय. आणि तो गोसावी, बैरागी किंवा व्यापारी दिसला तर तो वेष असण्याचा संशय. एकदा जात ठरली की साधेपणासुद्धा सोंग मानला जाई. उघड धंदा टोपल्या विणण्याचा असला तरी मथळाच ‘दाखवायचा धंदा’ असा असल्यामुळे टोपली विणणारे हात पुराव्यात धरले जात नसत. ज्या वाचनात उलट पुराव्याला जागाच नाही, त्याला वाचन म्हणणे कठीण आहे.

सोलापुरात तर बोलीवरून माणूस ताडण्याची ही रीत विशेषच लंगडी होती. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. घरात तेलुगू बोलणारा माणूस दगड फोडणारा वडार असू शकतो, तसाच मागावर बसणारा पद्मशाली विणकरही. कानडी बोलणारा बेरड असेल, तसाच सिद्धेश्वराचा लिंगायत भक्त आणि पेठेतला व्यापारीही. कैकाड्यांची बोली तमिळच्या जवळची, पारध्यांची गुजरातीच्या वळणाची. परक्या कानाला ती चमत्कारिक वाटणारच. घरची भाषा म्हणजे गुप्त भाषा नव्हे, हा साधा भेद पोलिसी वर्णनांत वारंवार हरवलेला दिसतो. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ मध्ये निघाला. त्यात भामटी, कोल्हाटी, गारोडी, कंजारी, बेलदारी अशा भटक्यांच्या बोली व्याकरणासह तपासल्या आहेत. काही ठिकाणी नेहमीच्या शब्दाच्या मागे-पुढे अक्षर चिकटवून किंवा पहिले व्यंजन बदलून तो अनोळखी केलेला आहे, हे त्या खंडात दाखवून दिले आहे. म्हणजे पुष्कळदा गूढ वाटणारी बोली ही रोजच्या भाषेवरचा पातळ पडदा होती.

भटक्यांच्या या सांकेतिक बोलीला मराठीत पारुशी म्हणतात. तिची गरज समजून घ्यायला हवी. गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या कुटुंबाला पाटील, सावकार, पोलीस आणि गिऱ्हाईक यांच्यासमोरच एकमेकांशी बोलावे लागे. कुठल्या घरी भिक्षा मिळेल, कुठे कुत्रे सोडतात, भाव किती सांगायचा, केव्हा निघायचे, हे चारचौघांत सांगण्याची सोय म्हणजे पारुशी. तिचा उपयोग चोरीच्या कामी होत नसे असे नाही, पण तिचा पसारा त्याहून फार मोठा होता.

माणसे वाचणे हाच ज्यांचा उघड आणि मान्य धंदा होता, असेही लोक या मुलखात होते. कुडमुडे जोशी, पहाटे येणारा पिंगळा, नंदीबैलवाला हे सारे भविष्य सांगत, आणि भविष्य सांगणे म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचणे. जोशी आधी कुठल्याही घराला लागू पडेल असे वाक्य टाकतो : घरात चिंता आहे, आपल्याच माणसाकडून त्रास आहे. मग तो पाहतो. बाईचा हात पदराकडे गेला, तिने दाराआड उभ्या सुनेकडे पाहिले, की पुढचे वाक्य मूलबाळाकडे वळते. घरधनी गोठ्याकडे पाहू लागला तर ते गुराढोरांकडे वळते. नकार आला तर ‘आज नाही, पण होणार’ म्हणून तेच वाक्य भविष्यात ढकलता येते. नंदीबैलाची मान हलते ती मालकाच्या हाताच्या किंवा दोरीच्या हलक्या इशाऱ्यावर, आणि मालकाचा हात हलतो तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त अशा फिरस्त्यांची तपशीलवार नोंद आहे. शेतकऱ्यावर पडणाऱ्या त्यांच्या भाराबद्दल आत्रे कडक बोलतात. तरी गावाला ही माणसे हवी होती, हेही त्या पुस्तकातून कळते.

गोंधळ्यांची करपल्लवी हा या विद्येचा सर्वांत देखणा भाग. एक गोंधळी पाठ फिरवून किंवा डोळे झाकून उभा राहतो. दुसरा प्रेक्षकांत जाऊन कुणाचे तरी नाव हळूच विचारून घेतो. थोड्या वेळाने पहिला ते नाव मोठ्याने सांगतो आणि मंडळी चकित होतात. यामागे वर्णमालेवर बांधलेली शिस्त आहे. हाताच्या आठ मुद्रा आठ वर्गांसाठी ठरलेल्या : नागाच्या फणीसारखा हात म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टणत्कार म्हणजे ट-वर्ग, आणि असेच त, प, य, श पर्यंत. मुद्रेने वर्ग कळला की बोटांच्या संख्येने त्या वर्गातले अक्षर कळते आणि चुटक्यांनी काना-मात्रा. ज्याला मुद्रा दिसू शकत नाहीत त्याला हाच संकेत आवाजाने, वाद्याच्या ठोक्याने पोचवावा लागतो. याच्या जोडीला नुसत्या डोळ्यांच्या हालचालींवर चालणारी नेत्रपल्लवीही असे. जुन्या विद्याकलांच्या याद्यांत अशा खुणांच्या भाषेला मानाचे स्थान आहे.

बाजारातही हीच विद्या चाले. सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलांचे सौदे उपरण्याखाली होत. दलाल आणि गिऱ्हाईक हात झाकून एकमेकांची बोटे दाबत आणि आकडा ठरत. किती बोटे धरली, पेर दाबले की पूर्ण बोट, यावरून रक्कम समजे, आणि भोवती उभ्या माणसांना काही कळत नसे. बोटांपेक्षा चेहऱ्याकडे लक्ष देणारा दलाल खरा तयारीचा. विकणाऱ्याची पकड कोणत्या आकड्याला सैल पडते, याकडे त्याचे ध्यान. शेतकऱ्याचे यात नुकसान होते, म्हणून पुढे नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला. दलालाच्या झाकल्या बोटांमुळे दलालांची जातच्या जात गुन्हेगार ठरवण्याचा विचार मात्र कुणाच्या मनात आला नाही. कैकाड्याच्या पारुशीच्या वाट्याला वेगळा न्याय आला.

तो न्याय कायद्याच्या रूपाने आला. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा, मुख्यतः उत्तर हिंदुस्थानासाठी. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून मांडला गेला. सरकारने राजपत्रात एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या लोकांची नोंदवही तयार होई. त्यांच्या बोटांचे ठसे घेता येत, त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, मुक्काम बदलायचा तर कळवावे लागे. त्यांना वसाहतीत नेऊन ठेवण्याचा आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळावजा संस्थेत ठेवण्याचा अधिकारही सरकारला होता. वैयक्तिक गुन्हा सिद्ध होण्याची अट यातल्या कशालाच नव्हती.

बोटांच्या ठशांनी जुन्या विद्येवर मोठी मात केली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाणारी वर्गीकरणाची पद्धत तयार करण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या देशी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. ठसा माणसाची ओळख पक्की करतो. वेष बदला, नाव बदला, बोली बदला, ठसा तोच. पण तो माणूस काल रात्री कुठे होता आणि त्याने काय केले, हे नोंदवहीतला ठसा सांगत नाही. वसाहतींच्या कारभारात या दोन प्रश्नांची सतत गल्लत झाली.

मुंबई इलाख्यातल्या वसाहतींची घडी बसवली ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने. त्याने विजापुरात सुरुवात केली आणि पुढे सोलापूर, हुबळी, बारामती अशा ठिकाणी वसाहती झाल्या. सोलापूर निवडण्यामागचे कारण उघड होते : गिरण्यांना मजूर हवे होते. सोलापूरची वसाहत काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनने चालवली. तिथल्या उमेदपूरच्या वस्तीभोवती तारेचे कुंपण होते. गिरणीच्या पाळीसाठी बाहेर जायचे, पाळी संपली की परतायचे आणि हजेरी द्यायची, असा दिवस आखलेला होता. भोंगा आणि हजेरी यांच्यामधल्या वाटेवर रेंगाळायला मुभा नव्हती. वर्तन चांगले दिसले की कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहायला मिळे. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे पत्ते आहेत, क्रमांकांसह.

स्टार्टबद्दल एकेरी निर्णय देता येत नाही. गुन्हा रक्तात असतो हे तो मानत नव्हता; काम, घर आणि शाळा मिळाली तर माणूस बदलतो, असे त्याचे म्हणणे होते. वसाहतीतली मुले शिकली, त्यांतून गिरणी कामगार, शिक्षक आणि कार्यकर्ते निघाले. १९२८ मध्ये मागास वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी त्याच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. पण वसाहतीच्या आत माणसाची पारख कशी होई, हे पाहिले की कुंपणाचा खरा अर्थ कळतो. हजेरीला वेळेवर येतो, मान खाली घालून बोलतो, कामावर खाडा करत नाही, तो सुधारला. उलट उत्तर देतो, नातलगांना भेटायला न विचारता जातो, तो अजून सुधारायचा. स्वातंत्र्याची ओढ हीच वाईट वर्तनाची खूण ठरली. बहिणीच्या लग्नाला जाणे आणि फरार होणे यांची नोंदवहीत एकच नोंद होऊ शकत होती.

राष्ट्रीय चळवळीतून या कायद्याविरुद्ध आवाज उठू लागला. १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्याचा जाहीर निषेध केला : कोणतीही जमात गुन्हेगार म्हणून वर्गीकृत करता येणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. तोच दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा नेहरूंच्या उपस्थितीत तुटल्या, ही आठवण शहरातल्या विमुक्त वस्त्यांत अभिमानाने सांगितली जाते.

कायदा गेला तरी ओळखण्याची सवय गेली नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदा आला. तो व्यक्तीला लागू होता, जमातीला नव्हता, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर जायचे, ही रीत चौकीच्या वहिवाटीत टिकून राहिली. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती चौदा आहेत. रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, भामटा, छप्परबंद ही केनेडीच्या पुस्तकातली नावे त्या यादीतही भेटतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शंभर वर्षे ज्यांच्याकडे फक्त पाहिले गेले, त्यांनी पाहणाऱ्यांचे वर्णन लिहिले : फौजदाराचा आवाज, मास्तरांची नजर, गावकऱ्याचा हात दाराच्या कडीवर कसा जातो ते. मराठी वाचकाला हे दृश्य पहिल्यांदाच उलट्या बाजूने दिसले. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल २००८ मध्ये सादर झाला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत कैद्यांची कामे आणि बराकी जातीनुसार ठरवणारी, तसेच विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगारी सवयीचे मानणारी कलमे त्याने घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, यासाठी पोलिसांनी आधीच्या निकालांतल्या मार्गदर्शक सूचना पाळाव्यात, असा आदेशही त्यात आहे.